पाहुणीची गैरसोय

त्या मॅडमनी फोनवर ‘शिफ्टिंग’ असा शब्द वापरला. “उद्या अकराला गाडी पाठवते, शिफ्टिंग करून घेऊ.” एखादं कपाट उचलून न्यायचं असावं तसं. पप्पा फोन कानाला लावून उभे होते आणि “हो मॅडम, काही हरकत नाही,” म्हणत होते. एकदा नाही, तीनदा म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. ‘काही हरकत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून मी तोंडातून काढलेलं नाही.

आधीपासून सांगते.

मी तेव्हा अकरावीत होते. पप्पा भोकरदन तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर इंग्रजी शिकवायचे, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. आई सरकारी दवाखान्यात नर्स. नवीन जालन्यात एमआयडीसीकडच्या अंगाला आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर एक. गच्चीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर लोखंडाच्या कारखान्यांची बारीक काळी भुकटी बसते. शहरात एक मंडळ होतं. परदेशातली सोळा-सतरा वर्षांची मुलं ते इथल्या घरांत काही महिने राहायला आणायचं. घरात कोणीतरी इंग्रजी बोलणारं हवं, एवढी त्यांची अट. पप्पांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी त्यांचं नाव सुचवलं आणि पप्पांनी हौसेनं फॉर्म भरला.

घर बघायला मंडळाच्या मुख्य मॅडम आल्या. बाथरूम पाहिलं, वरची खोली पाहिली. आईनं पाणी आणलं तर म्हणाल्या, “आत्ताच घेऊन आले.” चहाला म्हणाल्या, “डॉक्टरांनी बंद केलाय.” हॉलमधल्या दोन तसबिरींकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पप्पांना त्यांचं आडनाव परत विचारलं. फॉर्मवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि फॉर्म त्यांच्याच हातात होता. हे सगळं मला नंतर आठवलं. त्या दिवशी मी फक्त त्यांच्या पर्सकडे बघत होते. खरं म्हणजे तेव्हा परीक्षेच्या दिवसांमुळे दुसरं कुठलंच घर मुलगी ठेवून घ्यायला तयार नव्हतं. म्हणून आम्ही त्यांना चाललो.

ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला आली. जर्मनीच्या उत्तरेकडच्या एका लहान गावची, माझ्याच वयाची. तिच्या गावात अजून बर्फ होता आणि आमच्याकडे सकाळी स्वेटर, दुपारी पंखा असे दिवस होते. पहिले चार दिवस तिनं प्रत्येक गोष्टीला सॉरी म्हटलं. चप्पल चुकीच्या जागी काढली, सॉरी. भाजी उरली, सॉरी. माझ्या कॉटशेजारी तिची कॉट लावली होती. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि मी छताकडे बघत इंग्रजी वाक्यं मनात जुळवायचे. तोपर्यंत तिला झोप लागलेली असायची.

पाचव्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली. आवाज जाऊ नये म्हणून नळ. अर्धा तास झाला तशी आईनं दारावर थाप मारली. “पोरी, रड तुला किती रडायचं ते, पण नळ बंद कर. टाकी रिकामी होऊन राह्यली. पाणी आठ दिवसांनी येतं गं बाई.” तिला यातलं काहीच कळलं नाही. तिनं दार उघडलं, नाक लाल, आणि आईच्या हातातली रिकामी बादली बघून तिला एकदम हसू आलं. आईही हसली. मग आईनं तिला स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला आणि समोर पिठाचा गोळा ठेवला. तिची पहिली भाकरी तीन ठिकाणी फाटली होती. आईनं तीच स्वतःच्या ताटात घेतली.

तिथून ती रुळली. आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, कधी दुपारी, कधी पहाटे. पाणी आलं की घरातलं सगळं सोडून टाकी, पिंपं, हंडे, पातेली भरायची. हे काम तिला भयंकर आवडायचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाइप धरून उभी राहायची आणि गल्लीभर ओरडायची, “पानी आलं! जल्दी!” शेजारच्या काकू तिच्याकडून हंडा उचलून घ्यायच्या. ती मराठी शिकली ती आमचीच. “मला न्हाई पाहिजे.” “मंग काय झालं?” मी अभ्यासाला बसले की दारातून डोकावून विचारायची, “काय करून राह्यली?” पप्पा तिला शुद्ध मराठी सांगायला जायचे आणि हसून सोडून द्यायचे.

एका रविवारी आम्ही पिंपळगाव रेणुकाईकडे आत्याच्या शेतावर गेलो. बांधावरचा पळस नुसता पेटलेला होता, पान एक नाही. आत्यानं काटक्यांवर हिरवा हरभरा भाजला आणि तिच्या ओंजळीत ओतला. तिची बोटं, ओठ, नाक काळं झालं. पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर विहारात आली. पांढरी सलवार-कमीज आईनंच शिवून घेतली होती. वंदनेला हात जोडून बसली. शब्द कळत नव्हते तरी सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती. बाहेर आल्यावर बायकांनी तिच्याभोवती गराडा घातला. आमचं घर आता तिचंही घर, असं मला वाटायला लागलं होतं. मी एकुलती एक. ताटात वाटेकरी असली की भाकरी गोड लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मंडळाचा मेळावा झाला, मॅडमच्या बंगल्यावर. पाहुणी ठेवणारी आणि पुढे ठेवणार असलेली अशी सगळी घरं. तिनं उभं राहून मराठीत ओळख करून दिली. ‘न्हाई’ला सगळे हसले. मॅडम लाडानं म्हणाल्या, “नाही म्हणायचं बेटा, न्हाई नाही.” कोणीतरी विचारलं, काय काय केलंस? ती खुलली. भाकरी थापते म्हणाली. माझ्याच ताटात जेवते म्हणाली. विहारात गेले होते म्हणाली आणि मोबाइलवर फोटो काढून दाखवायला लागली. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, मधे ती. फोटो एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि बोलणं हळूहळू कमी होत गेलं. उन्हाळ्यात तिला ज्यांच्याकडे जायचं होतं त्या घरच्या बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “तुमचं आडनाव काय गं?”

मी सांगितलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या.

तो ‘अच्छा’ मला आजही तसाच्या तसा ऐकू येतो. त्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. कपाटाचा खण बंद व्हावा तसा होता.

चौथ्या दिवशी फोन आला. मॅडम पप्पांना म्हणाल्या, मुलीला पाण्याचा फार त्रास होतोय, तिनं स्वतः सांगितलं. तिची गैरसोय बघवत नाही, माझ्याच बंगल्यावर नेते. आणि हे तिच्याजवळ काढू नका हं, ती संकोचेल, लहान आहे. पप्पा म्हणाले, काही हरकत नाही.

फोन ठेवल्यावर मी पप्पांवर ओरडले. “पाण्याचा त्रास? तिला? पाणी आलं की नाचते ती! आणि मॅडमच्या बंगल्याला काय वेगळी नदी आहे का? तीच नगरपालिका, तोच नळ!”

“त्यांच्याकडे टँकर येतो,” पप्पा म्हणाले.

“विचारू या ना तिला.”

“नको म्हणाल्यात त्या. पाहुणी आहे आपली. तिला अवघड वाटेल असं करायचं नाही.” मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “चार लोकांत आपण पहिल्यांदाच गेलोत. तमाशा नको.”

मला पप्पांचा राग आला. पण खरा राग आला तिचा. समोर हसायची, आईच्या हातचं खायची आणि पाठीमागे जाऊन तक्रार करायची. दुसऱ्या दिवशी अकराला गाडी आली तेव्हा ती बॅग घेऊन हॉलमध्ये उभी होती. डोळे सुजलेले. आईनं बरणीभर शेंगदाण्याची चटणी तिच्या हातात दिली. ती आईच्या तोंडाकडे बघेना. “सॉरी,” म्हणाली. पहिल्या चार दिवसांसारखं. मी खाली गेलेच नाही. गच्चीवरून गाडी वळताना पाहिली आणि तिची कॉट ओढून गच्चीच्या जिन्याखाली लोटली. एकटीनं. हाताला खरचटलं.

ती आठवड्यातून दोन दिवस माझ्या कॉलेजात बसायला यायची. आता मॅडमच्या गाडीतून यायची. मी जागा बदलली. ती बाकाजवळ आली की मी वही उघडायचे. मैत्रिणींना सांगितलं, तिला नळाचं पाणी चालत नाही, मोठ्या लोकांची आहे. होळीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी ती मूठभर गुलाल घेऊन माझ्यासमोर आली. मी म्हटलं, मला रंगाची ॲलर्जी आहे. बारा दिवस मी असं वागले. या गोष्टीत ज्यांच्यावर मी रागावले आहे त्यांच्या यादीत माझंही नाव आहे, आणि ते फार खाली नाही.

तेराव्या दिवशी तिनं कॉलेजच्या जिन्यात माझ्या दप्तराचा पट्टा धरला. गच्च धरला, सोडेना. म्हणाली, “एक सांग. तुझ्या आईला मी का नको होते?”

तिनं हे मराठीत विचारलं. जपून, एकेक शब्द जुळवत. मी म्हटलं, “काय?”

मग ती इंग्रजीत बोलायला लागली आणि मला तिचं सगळं कळत गेलं, कारण राग आला की माणूस सोपं बोलतं. मॅडमनी तिला सांगितलं होतं, त्या घरच्या आईची दवाखान्यात ड्युटी असते, ती थकते, तिनेच तुला हलवा म्हणून विनंती केली. आणि हे त्यांच्याजवळ काढू नकोस, आमच्याकडे असं विचारणं अपमान समजतात. ती रोज तिथे जेवताना विचार करायची, आपलं काय चुकलं. भाकऱ्या फाटायच्या म्हणून? नळ सोडून रडले म्हणून?

एकच खोटं, दोन घड्या घालून, एक घडी आम्हाला आणि एक तिला. आणि दोघींच्या तोंडाला कुलूप त्यांनीच लावलेलं. किती शांत डोक्यानं केलं असेल! चहा घेत घेत केलं असेल.

आम्ही रिक्षा केली आणि थेट आईच्या दवाखान्यात गेलो. आई बाळांना लस टोचत होती, बायकांची ओळ होती. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं. आईनं ऐकलं. समोरच्या बाळाला सुई टोचली, त्याच्या आईला ताप आला तर काय करायचं ते नीट समजावून सांगितलं. उरलेली सहा बाळं संपवली. मग हात धुतले, मोठ्या सिस्टरांना सांगितलं आणि म्हणाली, “चल.”

मी पप्पांना फोन लावला. ते शाळेत होते. “तिला म्हणा शांततेनं घे,” ते म्हणाले. आईनं फोन माझ्या हातातून घेतला. “तुमची शांतता तुमच्यापाशीच ठेवा,” म्हणाली आणि बंद केला.

मॅडम बंगल्याच्या दारातच भेटल्या. “अरे वा, या ना, बसा.” आई बसली नाही. नर्सची पांढरी साडी, पायात दवाखान्यातली चप्पल, हॉलच्या मधोमध उभी.

“ह्या पोरीनं पाण्याची तक्रार केली का तुमच्याकडं?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “हे बघा ताई, मुलांना सगळं बोलता येत नाही...”

“ती बोलून राह्यली ना. इथं उभी आहे. विचारा. आन् मी म्हटलं का तुम्हाला, हिला न्या म्हणून?”

मॅडम आवाज खाली आणून, जणू आईचंच भलं करतायत अशा सुरात म्हणाल्या, “मला वैयक्तिक काहीच नाही. मी तुमच्याकडे आलेच होते ना? पण मला सगळी घरं सांभाळावी लागतात. पुढच्या घरची माणसं जुन्या वळणाची आहेत. ही स्वयंपाकघरात शिरते, देवघरापर्यंत जाते. ते विचारतात, आधी कुठं होती. काय सांगायचं मी?”

“म्हणजे आमच्या घरात राहून पोर बाटली.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मंग कसं म्हटलं ते सांगा. मी उभी आहे.”

त्यांनी टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद उगीच सरळ केला.

तेवढ्यात ती मला विचारायला लागली, काय म्हणतायत? काय म्हणतायत त्या? आणि ते मला सांगावं लागलं. त्या दिवसातलं सगळ्यांत वाईट काम मला करावं लागलं. सतराव्या वर्षी, परक्याच्या हॉलमध्ये उभं राहून, दुसऱ्या देशातल्या मुलीला मोडक्या इंग्रजीत समजावायचं की मी कोण आहे आणि माझ्या ताटात जेवलं की काय होतं. मला शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, “त्यांना आम्ही घाण वाटतो.”

तिला कळलंच नाही. ती गोंधळून म्हणाली, “पण तुमचं घर तर किती स्वच्छ आहे. तुझी आई दिवसातून दोनदा फरशी पुसते.” आणि हे तिनं मॅडमना सांगितलं. आमच्या बाजूनं साक्ष दिल्यासारखं. मॅडमनी मान खाली घातली, पण मी सांगते, ती लाजेनं नव्हती. ओशाळलेल्या माणसाचे हात असे वर्तमानपत्र सरळ करत नाहीत.

तीही आमच्याबरोबर घरी आली; रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. किती पिढ्या, कोणती विहीर, आजोबांनी धर्म का बदलला. ती ऐकत होती आणि मला तिचाही राग येत होता. तिची काही चूक नसताना. तिला हे सगळं नवीन आहे याचाच राग.

संध्याकाळी पप्पा आले. शाळेची पिशवी खांद्यावरून न काढता त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या. पण ते कागद घेऊन बसले. इतकी वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला माणूस, त्याला कागदाची ताकद माहीत होती. त्यांनी मंडळाला चार ओळींचा अर्ज लिहिला. आमच्या घरून पाहुण्या मुलीला हलवण्याचं कारण आम्हाला लेखी कळवावं. कारण खरं असावं. खाली सही. रात्री मॅडमकडे परत जायच्या आधी ती म्हणाली, मीपण लिहिते. तिला इथे पाठवणाऱ्या तिच्या देशातल्या कचेरीला तिनं तेच विचारलं, आणि तिकडून मंडळाला पत्र आलं की घर बदललं तर त्याचं कारण लिहून पाठवावं लागतं.

लिहायचं कोणी? बैठकीत बोलता येतं, फोनवर बोलता येतं, ‘अच्छा’ म्हणता येतं. पण कागदावर ते वाक्य घालून खाली स्वतःचं नाव लिहायला त्या अख्ख्या मंडळात एक माणूस तयार झाला नाही. दोन लोक पप्पांना समजवायला शाळेत येऊन गेले. सर, विषय वाढवू नका. पप्पा म्हणाले, “मी कुठं वाढवून राह्यलो? एक ओळ मागतोय.”

सातव्या दिवशी ती गाडीतून आली आणि ड्रायव्हरनं तिची बॅग आमच्या दारात उतरवली. बरोबर मंडळाचा माणूस नाही, माफी नाही. पप्पांच्या मोबाइलवर निरोप आला की आपल्याकडची पाण्याची अडचण दूर झाल्याचं समजल्याने विद्यार्थिनी पूर्ववत आपल्याकडे राहील. पप्पांनी तो मला वाचायला दिला. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पप्पा म्हणाले, “राहू दे. जपून ठेव. त्यांचं खोटं आता लेखी आहे.”

ती मेच्या अखेरपर्यंत, तिच्या देशी परत जाईपर्यंत, आमच्याकडेच राहिली. सगळं पहिल्यासारखं झालं असं म्हणता आलं तर बरं झालं असतं. ती आता हंडा उचलायच्या आधी विचारायची. भाकरी कशीही झाली तरी चांगली आहे म्हणायची. विहारात यायची तेव्हा फार गंभीर चेहरा करून बसायची. आई एकदा म्हणाली, “ही पोर आता पाहुणी झाली. आधी न्हवती.” तेवढं त्यांनी आमच्याकडून नेलंच. ते कुठल्या अर्जानं परत आलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी आम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतो. मी तिला सांगितलं, ते बारा दिवस मी मुद्दाम बोलले नव्हते. गुलालाची ॲलर्जी खोटी होती. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, “मीपण तुमची आठवण काढून शिव्या देत होते. जर्मनमध्ये.” आम्ही हसलो. पण मला ते माफ केल्यासारखं वाटलं नाही, आणि मी मागितलीही नव्हती.

मंडळानं पप्पांना पुन्हा कधी बोलावलं नाही. मेळाव्याचं पत्र नाही, काही नाही. पप्पांनीही फॉर्म भरला नाही. मात्र त्यांचं ते ‘चार लोकांत’ म्हणणं बंद झालं.

आता मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती तिच्या गावी शिक्षिका आहे, फोनवर अजून ‘न्हाई’ म्हणते. गेल्या वर्षी स्टेशन रोडच्या बँकेत मला मॅडम दिसल्या. केस पांढरे झालेत. त्यांनी ओळखलं, जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काय गं बेटा, आपली ती जर्मनीची मुलगी कशी आहे?”

आपली!

मी खांदा काढून घेतला. म्हटलं, “चांगली आहे. तुम्ही तिला काय सांगितलं होतं आणि आम्हाला काय सांगितलं होतं, ते दोन्ही लक्षात आहे तिच्या.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मॅडम कसनुसं हसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, किती वर्षं झाली. अजून तिथंच आहेस का तू?”

“हो,” मी म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. “अजून तिथंच आहे.”